विश्लेषण : नळदुर्गचा पूल ताब्यात आला, तेव्हा संयुक्त राष्ट्रे काय करत होती?

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग लागते. किल्ला, पाणीमहाल आणि पाऊस चांगला झाला असेल तर नर-मादी धबधबा पाहून लोक पुढे जातात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कर याच रस्त्याने निजामाच्या हद्दीत शिरले. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात आला आणि दुपारी सैन्य उमरग्यात पोहोचले. दुसऱ्या तुकडीने तुळजापूर घेतले. त्या वेळी निजाम सरकारची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे पोहोचून तीन आठवडे उलटले होते. दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, पण या तक्रारीचे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. संयुक्त राष्ट्रांचा कारभार कसा चालतो, हे मात्र त्यातून चांगले कळते.

निजामाला तक्रार करता येत होती का?

खरा वाद इथेच होता. भारत आणि हैदराबाद यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला होता. तो मोडल्याचा आरोप दोन्ही बाजू एकमेकांवर करत होत्या. इकडे कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजवली होती. (रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.) २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेला तार केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ३५ व्या कलमानुसार सदस्य नसलेले ‘राष्ट्र’ही वाद परिषदेपुढे नेऊ शकते. भारताचे म्हणणे असे की, हैदराबाद हे मुळात राष्ट्रच नाही, ही आमची अंतर्गत बाब आहे. एखाद्या देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी पडू नये, असेही सनदेचे दुसरे कलम सांगते. म्हणजे एकाच सनदेतून दोघांनाही आपापल्या बाजूचे कलम सापडले होते.

सुरक्षा परिषदेत त्या दिवशी काय घडले?

परिषदेत तेव्हा ११ सदस्य असत. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि चीन हे पाच कायमचे, तर सहा ठरावीक मुदतीसाठी आमसभेने निवडलेले. आज ही संख्या १५ आहे, पण कायमच्या जागा पाचच राहिल्या. अध्यक्षपद दर महिन्याला इंग्रजी वर्णानुक्रमाने फिरते आणि त्या सप्टेंबरात ते ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन यांच्याकडे होते. आमसभेचे अधिवेशन पॅरिसला भरणार असल्याने परिषदही तिथेच बसली होती.

बैठक झाली १६ सप्टेंबरला. सैन्य निघून तोवर चौथा दिवस उजाडला होता. पहिला प्रश्न युद्धबंदीचा नव्हताच. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायचा की नाही, यावर मतदान झाले. आठ मते बाजूने पडली. सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. विषय घेतला म्हणजे हैदराबादचा हक्क मान्य केला असे नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग बोलले, भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. मग बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश दिला. परिषद पुन्हा या विषयावर बसली ती २० तारखेला. २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार आली.

शांतिसेना का पाठवली नाही?

कारण संयुक्त राष्ट्रांना स्वतःचे सैन्य नाही. निळ्या शिरस्त्राणातले सैनिक सदस्य देश आपापल्या लष्करातून देतात. त्यांना पाठवायचे तर सुरक्षा परिषदेचा ठराव लागतो आणि वादातील पक्षांची संमतीही. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ रोजी भारतानेच परिषदेकडे नेला होता, म्हणून तिथे पुढे लष्करी निरीक्षक आले. हैदराबादबाबत भारत अशी संमती देण्याची शक्यताच नव्हती.

निरीक्षक नसण्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांनंतर, पोलिस कारवाईच्या काळात आणि त्यापुढच्या दिवसांत अनेक ठिकाणी मुस्लिम नागरिकांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. तिचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. समिती फिरत होती त्याच डिसेंबरात, १० तारखेला, पॅरिसमध्ये आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला.

नकाराधिकार म्हणजे नेमके काय?

त्यासाठी गोव्याचे उदाहरण सोपे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा युद्धबंदी करून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव परिषदेत आला. बाजूने सात मते पडली. तेव्हाच्या नियमाने सात पुरेशी होती. विरोधातल्या चार मतांत सोव्हिएत संघाचे मत होते, आणि कायम सदस्याच्या एका विरोधाने ठराव पडतो. तटस्थ राहिल्याने पडत नाही. आज मंजुरीला नऊ मते लागतात, नकाराधिकार मात्र तसाच आहे.

मग बाकीच्या संस्था काय करतात?

आमसभेत १९३ देश आहेत आणि लहानमोठ्या प्रत्येकाला एकच मत. ती अर्थसंकल्प ठरवते, पण युद्धाबाबतचे तिचे ठराव बंधनकारक नसतात. हेगचे न्यायालय देशादेशांतले खटले चालवते. दादरा-नगर हवेलीत जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताला तिथे खेचले होते. सरचिटणीस सचिवालयाचा प्रमुख असतो, जगाचा राष्ट्रपती नव्हे. आर्थिक व सामाजिक परिषद विकासाचे पाहते. विश्वस्त परिषदेचे काम १९९४ मध्येच संपले.

संलग्न संस्थांचा परिवार मोठा आहे, आणि तो या जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसह इथली अनेक गावे कोसळली. त्यांच्या पुनर्वसनासाठी राज्य सरकारला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. ही बँक संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातली, पण तिथे ‘एक देश, एक मत’ चालत नाही. ज्याचे भांडवल जास्त, त्याचे वजन जास्त. १९४८ मध्ये ज्या उमरगा परिसरातून सैन्य गेले, त्याच भागात ४५ वर्षांनी या परिवारातला पैसा आला. तो मागणारे सरकार आपलेच होते, त्यामुळे दाराशी अडायचे कारण नव्हते.

निजामाची फाइल बंद झाली का?

तक्रार मागे घेतल्यावरही २८ सप्टेंबरला परिषदेत चर्चा झाली. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने विषय पुन्हा काढला, ठराव मात्र एकही झाला नाही. परिषदेपुढील विषयांची एक यादी असते आणि त्यातून नाव आपोआप गळत नाही. निजामशाही गेली, हैदराबाद राज्यही १९५६ मध्ये विसर्जित झाले. ‘हैदराबाद प्रश्न’ हे शीर्षक त्या यादीत एकविसाव्या शतकातही छापले जात होते. पुढे अखेरच्या चर्चेची तारीख असे : २४ मे १९४९.