गुडघाभर गवतात उपाशी

आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात त्या दिवसांत ब्राझीलच्या सेराडो पठारावर तीन-चार महिने पावसाचा थेंब पडलेला नसतो. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचं हे माळरान मे ते सप्टेंबर कोरडं असतं. कुंपणाच्या आत गवत मात्र उभं असतं, पिवळंधमक आणि गुडघ्याला लागेल इतकं. त्यात पांढरी, वशिंडाची गुरं चरत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यांना काय कमी आहे? जवळ गेलं की बरगड्या मोजता येतात.

हे दृश्य मला परकं वाटत नाही. माझं लहानपण रत्नागिरीच्या डोंगराळ भागात गेलं. भाद्रपदात पुरुषभर वाढलेलं गवत माघ-फाल्गुनात नुसती काडी होऊन जायचं. गुरं दिवसभर डोंगरावर चरून पोट टम्म फुगवून घरी यायची आणि तरी खंगत जायची. आजी म्हणायची, ‘खातात, पण अंगी लागत नाही.’ पशुवैद्यकाचं शिक्षण घेताना त्या एका वाक्यामागचं शास्त्र मला कळलं, आणि त्याचा सर्वांत मोठा वापर ब्राझीलमध्ये होतो हेही तेव्हाच समजलं.

तिथली गुरं मांसासाठी पाळलेली असतात. आपल्याकडे अनेक घरांत हा विषय काढणंही अवघड, आणि ते मी समजू शकतो. पण त्या गुरांचं आपल्याशी नातं आहे. ब्राझीलमधल्या वीस कोटींहून अधिक गुरांत मोठा वाटा ‘नेलोरे’ जातीचा आणि तिच्या संकरांचा आहे. हे नाव आंध्रातल्या नेल्लोरवरून पडलं. आपण त्या जातीला ओंगोल म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जनावरं जहाजांतून तिकडे जाऊ लागली. १९६२च्या सुमाराची शेवटची मोठी आयात तर फेर्नांदो दे नोरोन्या नावाच्या बेटावर रोगतपासणीसाठी अडकवून ठेवली होती. सगळी मिळून गेली ती काही हजारच, पण त्यांनी एका खंडप्राय देशाचं गोधन बदलून टाकलं. उत्तर अमेरिकेत तयार झालेल्या ब्राह्मण जातीत तर गुजरातच्या कांकरेज आणि गीरबरोबर आपल्या सांगली-सोलापूर भागातल्या कृष्णाकाठच्या गुरांचाही थोडा अंश आहे. 

सेराडोतली गुरं भारतीय, तर गवत आफ्रिकेचं. ब्राकिआरिया या आफ्रिकी गवताचा ‘मारांदू’ हा वाण ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे एम्ब्रापानं, १९८४मध्ये दिला आणि तो कोट्यवधी हेक्टरांवर पसरला. उष्ण कटिबंधातलं गवत पावसात झपाट्यानं वाढतं, म्हणूनच ते लवकर जूनही होतं. पान कमी, काडी जास्त. कोवळेपणी त्यात दहा-बारा टक्के प्रथिनं असतात, कोरड्या दिवसांत ती तीन-चार टक्क्यांवर येतात.

आता गाईच्या पोटात डोकावू. गाय गवत स्वतः पचवत नाही. तिच्या कोटीपोटात, शंभर लिटरच्या आसपासच्या त्या पिंपात, अब्जावधी जिवाणू राहतात. काडीतला चिवट तंतू ते फोडतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते आणि पुढे त्या जिवाणूंनाच पचवून आपली प्रथिनं मिळवते. या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. गवतात सातेक टक्क्यांहून कमी प्रथिनं असली की त्यांची उपासमार सुरू होते. काडी फुटत नाही, पोटात पडून राहते. पोट रिकामं होत नाही म्हणून जनावर आणखी खात नाही. चारशे किलोचा जो बैल चांगल्या कुरणात दिवसाला आठ किलो कोरडा चारा खाईल, तो या काडीवर पाच-सहा किलोंवर थांबतो. ‘अंगी लागत नाही’ ते असं.

म्हणून अशा कुरणात पूरक आहार देताना माणूस आधी जिवाणूंना जेवू घालतो. मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. मूठभर नत्र दिलं की जिवाणू कामाला लागतात, अडकलेली काडी पुढे सरकते आणि जनावर तेच वाळलेलं गवत जास्त खाऊ लागतं. दावणीत दिलं अर्धा किलो, पण त्याच्या जोरावर कुरणातलं एक-दोन किलो जास्त पोटात गेलं.

नत्राचा स्वस्त स्रोत म्हणजे युरिया, आपण भाताला टाकतो तोच. कोटीपोटात त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्यापासून स्वतःची प्रथिनं बांधतात. शंभर ग्रॅम युरियातलं नत्र हिशेबानं सुमारे २८० ग्रॅम प्रथिनांतल्या नत्राइतकं भरतं. पण बांधकामाला ऊर्जा हवी आणि थोडं गंधकही हवं, नाहीतर अमोनिया रक्तात उतरतो. सवय नसलेल्या जनावरानं शंभर किलो वजनामागे चाळीस-पन्नास ग्रॅम युरिया एकदम खाल्ला तर ते मरू शकतं: थरथर, फेस, पोटफुगी आणि तास-दोन तासांत शेवट. अशा वेळी भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, पण गुरं शेकड्यांनी असलेल्या माळावर प्रत्येकापर्यंत वेळेत पोचणार कोण? सर्वांत मोठा धोका अवकाळी पावसाचा. दावणीत पाणी साचतं, युरिया त्यात विरघळतो आणि तहानलेलं जनावर ते पाणी पिऊन टाकतं. म्हणून दावणीवर छप्पर घालतात, तळाला भोकं पाडतात आणि मात्रा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवतात. हे नियम मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण इथे एका दिवसाच्या हयगयीची किंमत मुकं जनावर मोजतं.

हजारो एकरांवर सुटी चरणारी गुरं ठरल्याइतकंच खातील हे बघायचं कसं? त्यावरची युक्ती साधी आहे. मिश्रणात साधं मीठ जास्त घालतात. गुरांना मीठ हवं असतं, पण एका मर्यादेपलीकडे ती स्वतःच तोंड काढून घेतात. सेराडोत या मिश्रणाला ‘साल प्रोतेइनादो’, म्हणजे प्रथिनयुक्त मीठ, म्हणतात. मीठ, खनिजं, युरिया आणि सोयाबीनची किंवा सरकीची पेंड एकत्र करून ते बनवतात. वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम हा ढोबळ हिशेब; चारशे किलोच्या बैलाला दिवसाला चारशे ग्रॅम. एवढ्यानं कोरड्या दिवसांत वजन टिकतं, कधी थोडं वाढतं. किलोमागे तीन-पाच ग्रॅमपर्यंत गेलं आणि त्यात मका घातला तर वाढ चांगली होते, पण त्याहून धान्य वाढवत नेलं की जनावर गवत सोडून दावणीपाशीच उभं राहतं. मग तो पूरक आहार उरत नाही, गवताची जागा धान्य घेतं, खर्च चढतो आणि कुरण तसंच वाळत पडतं. दावणीची लांबीही पुरेशी लागते. नाहीतर दांडगी जनावरं दुप्पट खातात आणि दुबळी कोपऱ्यात उभी राहतात, जी खरी गरजू असतात.

नत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्फुरद. सेराडोची लाल, आम्लधर्मी माती स्फुरदात फार गरीब, म्हणून गवत आणि गुरंही तशीच. आमच्या गावची एखादी गाय माळावर सापडलेली हाडं चघळत बसायची. लोक म्हणायचे, वेडी आहे. ती वेडी नव्हती, तिचं शरीर स्फुरद शोधत होतं. दक्षिण आफ्रिकेत याच सवयीनं गुरांचे कळप संपत होते. जनावरं लुळी पडून मरायची. तिथे त्या रोगाला ‘लामसिक्ते’ म्हणत. आर्नोल्ड थाइलर या मूळच्या स्विस पशुवैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्रायबर्गजवळच्या कोरड्या कुरणांत १९२०च्या आसपास याचा छडा लावला. स्फुरदासाठी गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळत आणि कुजक्या सांगाड्यातलं बॉट्युलिझमचं विष पोटात जाई. उपाय निघाला तो स्वच्छ हाडांची पूड खाऊ घालण्याचा. विषाशी झुंजत बसण्याऐवजी थाइलरनं जनावराची मूळ भूक शमवली. एखादा रोग समजून घेण्याची यापेक्षा चांगली कथा मला माहीत नाही. पुढे मॅड काऊ रोगानंतर हाडांची पूड अनेक देशांत बंद झाली; आता दगडातून काढलेलं डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात.

ब्राझीलमध्ये पूरक आहार न मिळणाऱ्या गुरांना ‘बोई सानफोना’ म्हणतात. सानफोना म्हणजे अकॉर्डियन, गळ्यात अडकवून वाजवायची भात्याची पेटी. पावसात फुगतो, कोरड्यात मिटतो, तो हा बैल. पावसाळ्यात कमावलेलं बरंचसं पुढच्या चार-पाच महिन्यांत गमवायचं, असं करत तो चार-साडेचार वर्षांचा होऊन बाजारात जाई. आता चीनला जाणाऱ्या मांसासाठी जनावर तीस महिन्यांच्या आतलं लागतं. त्या मुदतीत वजन गाठायचं तर एकही कोरडा हंगाम वाया घालवता येत नाही. जनावर लवकर तयार झालं की त्याच्या आयुष्यभराचा मिथेन कमी निघतो आणि तेवढ्याच कुरणावर जास्त गुरं निभावतात.

इथे मला थांबून एक दुखरी गोष्ट सांगायलाच हवी. सेराडोची जवळपास निम्मी मूळ झाडी आज नाहीशी झाली आहे आणि ॲमेझॉनमध्ये जंगल तोडलेल्या जमिनीवर सर्वाधिक जागा कुरणांनीच व्यापली आहे. दावणीतल्या मिठानं जंगल वाचेल असं मी म्हणणार नाही. त्याला कायदा आणि तो राबवणारी माणसं लागतात. पण जुन्या कुरणातच दुप्पट गुरं निभावण्याची विद्या हाती असताना नवं जंगल पेटवणं मला अक्षम्य वाटतं.

हीच विद्या आपल्याकडे वेगळ्या कामाला आली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं १९८०च्या दशकात युरिया, मळी आणि खनिजांची चाटण वीट तयार केली. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचं पाणी शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवायची रीतही आपल्या कृषी विद्यापीठांनी शिकवली. माणदेशातल्या चारा छावणीत कोरड्या वैरणीवर दिवस काढणारी खिलार गाय आणि सेराडोतला नेलोरे खोंड, दोघांच्या कोटीपोटातली अडचण एकच असते.

सेराडोतला अनुभवी गुराखी ती अडचण शेणावरून ओळखतो. पो कडक, कोरडा, थरावर थर रचल्यासारखा पडला तर नत्र कमी आहे. जरा मऊ, पसरट पडला की मीठ काम करतंय. सप्टेंबर सरता सरता पहिला वळीव पडतो, जळक्या बुंध्यांतून बोटभर हिरवं फुटतं, आणि नवखा मालक दावण बंद करून टाकतो. अनुभवी माणूस करत नाही. त्या कोवळ्या हिरव्याच्या वासानं गुरं वाळलेल्या गवताला तोंड लावत नाहीत, दिवसभर कोंभामागून कोंभ शोधत मैलोन्‌मैल भटकतात, आणि पोटात जातं ते बहुतेक पाणीच. पाऊस आल्यावरच्या त्या दोन-तीन आठवड्यांत जनावर झपाट्यानं वजन घालवतं. तेवढे दिवस तो छपराखालची दावण भरत राहतो.