शर्यतीच्या मोटारींतील शिक्षिका

नांदेडहून लोहा, अहमदपूर या मार्गानें लातुरास जातांना एखादा तरुण वळणावरच मोटार भरधाव पुढें काढतो, आणि बसमधील मुलें ‘काय शर्यत मारली!’ म्हणून टाळ्या पिटतात. खरी शर्यत याहून किती निराळी असते, हें पुण्याच्या श्रीमती डायना पुंडोले यांच्या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें.

या बाई पेशानें शिक्षिका, दोन मुलांची आई. शर्यतींची गोडी त्यांस वडिलांमुळें लागली. 2018 सालीं केवळ स्त्रियांसाठीं निघालेल्या एका शिक्षणयोजनेंतून त्या या खेळांत उतरल्या. पुढें 2024 च्या ऑगस्टमध्यें चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथें एम. आर. एफ. राष्ट्रीय स्पर्धेंत सलून गटाचें अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें. मोटार-शर्यतींत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला होत.

सलून म्हणजे केशकर्तनालय नव्हे, तर आपल्या नित्य परिचयाची बंद मोटार! तिच्या आंतील गाद्या व शोभेच्या वस्तु काढून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात, म्हणजे ती उलटली तरी चालक चिरडत नाहीं. चालकाच्या अंगांत अग्निरोधक पोषाख, डोक्यावर शिरस्त्राण. मद्रासच्या उकाड्यांत हा जामानिमा काय वाटत असेल, याची कल्पनाच करावी.

तेथील मार्ग सुमारें 3.7 किलोमीटर लांबीचा व बारा वळणांचा आहे. कसब लागतें तें सरळ रस्त्यावर नव्हे, तर वळणाआधीं ब्रेक नेमका केव्हां दाबावा यांत. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें. कोरड्या रस्त्यावर ताशीं 60 किलोमीटर वेगाची मोटार 20 मीटरांत थांबत असेल, तर 120 वेगाची सुमारें 80 मीटर घेते. शिवाय पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत ती 33 मीटर पुढें सरकलेली असते. शर्यतीच्या मार्गावर पुढें काय आहे हें निशाणें घेऊन उभे असलेले पंच सांगतात. रुग्णवाहिका सज्ज असते. अहमदपूरच्या रस्त्यावर त्याच अंतरांत बैलगाडी असते, शाळेंतून परतणारीं मुलें असतात.

हौशी खेळाडूला पगार नसतो. उलट टायर, इंधन, यांत्रिक, प्रवेशशुल्क यांची तरतूद स्वतः करावी लागते किंवा आश्रयदाता शोधावा लागतो. पुण्याहून चेन्नई हजार किलोमीटरांहून लांब. नोकरी व घर सांभाळून हें सारें जमवावयाचें, याला मी तरी शर्यतीहून मोठें कसब मानतों.

2025 सालीं मध्यपूर्वेतील फेरारी क्लब चॅलेंज या स्पर्धेसाठीं त्यांचें नांव जाहीर झालें. तेथील मोटार ‘296 चॅलेंज’. या अंकांत तिचें वर्णनच आहे: 2.9 लिटरांचें इंजिन व 6 सिलिंडर. शक्ति सुमारें 700 अश्वबळ, आणि इंजिन पुढें नसून चालकाच्या पाठीमागें!