एक तालुका, तीन आमदार

रायगड जिल्ह्यातील रोहा तालुक्याला तहसीलदार एक आणि पंचायत समितीही एकच; विधानसभेत मात्र त्याचे प्रतिनिधित्व तीन आमदारांकडे आहे, कारण तालुक्याचा नागोठणे परिसर पेण मतदारसंघात, कुंडलिकेच्या खाडीकडचा चणेरे परिसर अलिबागमध्ये आणि घोसाळ्याचा परिसर श्रीवर्धनमध्ये मोडतो.

ही विभागणी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने केली. परिसीमन म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणे. २००१ च्या जनगणनेतील राज्याची लोकसंख्या २८८ जागांना भागली, तर एका आमदारामागे सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोक येतात, आणि एकट्या रोह्याची लोकसंख्या त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे पेण आणि सुधागड हे पूर्ण तालुके एकत्र करून त्यांना रोह्यातील काही महसूल मंडळे, म्हणजे तलाठ्यांचे अनेक सजे मिळून होणारे प्रशासकीय गट, जोडण्यात आले. खाडी आणि डोंगर पाहता चणेऱ्याचा ओढा रेवदंडा-मुरूडकडे आणि घोसाळ्याचा तळ्याकडे असणे स्वाभाविकच होते, तरी तालुक्याची राजकीय ताकद त्यात विखुरली, हे नाकारता येत नाही.

२००९ मध्ये प्रथम लागू झालेल्या या रचनेत जिल्ह्याच्या जागा सातच राहिल्या, मात्र माणगाव आणि खालापूर हे मतदारसंघ नाहीसे होऊन कर्जत आणि उरण हे नवे अस्तित्वात आले. म्हणजे लोकवस्तीबरोबर राजकीय वजनही मुंबईच्या दिशेने सरकले. रोहा तालुक्यातील सुतारवाडीचे सुनील तटकरे माणगावमधून १९९५ पासून निवडून येत होते; तो मतदारसंघच उरला नाही, तेव्हा त्यांनी श्रीवर्धन गाठले. त्याच श्रीवर्धनमध्ये २०१४ साली त्यांचे पुतणे अवधूत अवघ्या ७७ मतांनी विजयी झाले, तर २०१९ आणि २०२४ मध्ये कन्या आदिती तेथून निवडून आल्या.

लोकसभेच्या निवडणुकीत मात्र रोह्याचे हे तिन्ही तुकडे पुन्हा एकत्र येतात. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलले, तरी लोकसभा मतदारसंघ २००८ पर्यंत कुलाबाच म्हणवला जात होता. रोह्याशी जवळचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये तेथूनच निवडून आले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. नव्या रचनेत पनवेल, कर्जत आणि उरण हे मावळकडे गेले, तर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर हे रायगडला जोडले गेले, ज्याचा लाभ रत्नागिरीतून आलेल्या अनंत गीते यांना २००९ मध्ये झाला असावा. २०१४ मध्ये त्यांनी तटकरे यांना केवळ २,११० मतांनी हरवले. तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला मिळालेली मते या फरकाहून कितीतरी अधिक होती.

पेणचा इतिहास प्रामुख्याने शेतकरी कामगार पक्षाचा आहे. मोहन पाटील यांनी दीर्घकाळ राखलेली ही जागा २००४ मध्ये काँग्रेसचे रवींद्र पाटील यांनी घेतली, २००९ आणि २०१४ मध्ये मोहन पाटील यांचे पुत्र धैर्यशील यांनी ती परत मिळवली आणि २०१९ मध्ये रवींद्र पाटील यांनी भाजपच्या चिन्हावर ती पुन्हा जिंकली. पुढे धैर्यशील पाटीलही भाजपमध्ये आले आणि २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले; त्याच वर्षी विधानसभेला रवींद्र पाटील पुन्हा निवडून आले, तेव्हा पेणमध्ये अनेक वर्षे परस्परांविरुद्ध लढलेली ही दोन्ही घराणी एकाच पक्षात होती.