वही कुठे, मोबाइल कुठे?

सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीसाठी १५ ऑगस्ट २०२१पासून ‘ई-पीक पाहणी’ ॲप आलं. बांधावर उभं राहून शेतकऱ्याने स्वतःच पिकाचा फोटो चढवायचा. तिथे मोबाइलच हवा. कापूसवेचणीचा हिशेब मात्र वहीतच ठेवा. मजुरी किलोवर असते; काट्यावर गाठोडं चढलं की आकडा वेचणारीच्या डोळ्यांदेखत लिहिला जावा. मालकाच्या कुलूपबंद फोनमधला आकडा तिला कसा दिसणार?

फवारणीची नोंद दोन्हीकडे हवी. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. डॉक्टरांना आधी फवारलेल्या औषधाचं नाव लागतं. म्हणून डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तेच नाव, तारखेसह, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. फवारणारा बेशुद्ध असला तरी घरच्यांना ते वाचता येईल.