स्क्रूज नावाचे बदक

डिकन्सने १८४३ साली स्क्रूज हा कवडीचुंबक रंगविला. पुढे १९४७ साली कार्ल बार्क्स यांनी चित्रकथेतील एका धनाढ्य बदकाला तेच नाव दिले. तीही नाताळचीच गोष्ट. १९८३ साली डिस्नेच्या ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ या व्यंगचित्रपटात या बदकाला मूळ स्क्रूजचीच भूमिका मिळाली! डोनल्ड त्याचा भाचा झाला. हे नाते तर त्यांचे आधीचेच. गूफीला मात्र मार्लेचे भूत केले आणि भीतीचे हसे झाले, असे आम्हांस वाटते. पण मिकी पाहावा. येथे तो गरीब कारकून आहे. भविष्याच्या देखाव्यात तो लंगड्या मुलाच्या थडग्यावर त्याची कुबडी न बोलता ठेवतो. सदा हसरा मिकीच रडताना पाहून मुलांना ते मरण घरचे वाटते.