श्यामला टेकडीवरची ओली भिंत

भोपाळच्या श्यामला टेकडीवर ऊन चांगलंच तापलंय. मानव संग्रहालयाचा पसारा जवळपास दोनशे एकरांचा, म्हणून आत शिरणारा प्रत्येक जण आधी पाण्याची सोय बघतो.

'वीथी संकुल'च्या गार दालनात शाळेची सहल घुसलीय. कवट्यांपुढे चिकटून उभी असलेली पोरं भुवयांवरचं पुढं आलेलं हाड दाखवून एकमेकांना चिडवतायत. माझ्या डोक्यात मात्र हथनोरा घोळतंय. याच मुलखातल्या, नर्मदेकाठच्या त्या गावात १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. जबडा नाही, दात नाहीत. तो नेमका कुठला मानव, यावर तज्ज्ञांचं अजूनही एकमत नाही.

बाहेर, टेकडीच्या खडकांवर रंगवलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत. ती कुठून आणून मांडलेली नाहीत, इथलीच आहेत. भीमबेटकाही इथून जवळच. १९५७ साली रेल्वेतून जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांनी तिथले खडक हेरले आणि पुढं गुहाचित्रं उजेडात आणली. त्या मानानं इथल्या चित्रांकडं फारसं कुणी फिरकत नाही. सगळी गर्दी टेकडीवर उभारलेल्या वेगवेगळ्या समाजांच्या घरांकडं.

ही घरं त्या त्या समाजातल्या माणसांनी स्वतः येऊन बांधलीत. खरं संग्रहालय मला इथं दिसतं. वारली घराच्या भिंतीचा एक पोपडा निघालाय. आतला कूड उघडा पडलाय. शेजारी एक बाई घमेल्यात शेण-माती कालवतेय. हाताच्या कडेनं भेगेत गारा दाबते, मग तळवा अर्धगोल फिरवते. बोटांच्या रेघा उमटतात, त्या पुढच्याच हातानं पुसल्या जातात. काचेतल्या कवटीला नुसती धूळ झटकली की पुरतं, या भिंतीला दर पावसाळ्यानंतर माणूस लागतो. सरकारी कागदावर याला 'देखभाल' म्हणत असतील. मला तर घर पुन्हा नव्यानं बांधल्यासारखंच वाटतं.

सहलीतली एक मुलगी ओल्या भिंतीला बोट लावते. लिंपणाऱ्या बाई डोळे वटारतात, मग हसून गाऱ्याचा गोळा तिच्या हातावर ठेवतात. मास्तर ओरडतात, युनिफॉर्म! पोरगी तोवर कोपरापर्यंत माखलीय. मी मोबाइल काढतो.

"आत्ता नको, भैया," बाई म्हणतात, "सूखने दो, तब रंग आएगा."