परीक्षणापासून कपाटापर्यंत

रविवारच्या पुरवणीत एखाद्या पुस्तकाचे परीक्षण छापून येते आणि सोमवारी देवघेवीच्या टेबलापाशी कुणीतरी विचारते, "सर, कालच्या पेपरात आलं होतं थे पुस्तक आपल्याकडं हाय काय?" अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही वाचनालयात हा प्रश्न ऐकू येतो. विचारणारे बहुतेक निवृत्त शिक्षक असतात, कधी कॉलेजची मुलगी, कधी दर आठवड्याला कादंबरी बदलून नेणाऱ्या काकू. पुस्तक त्या वेळी जवळजवळ कधीच नसते. ते पुढे येते की नाही, हे या प्रश्नाचे पुढे काय होते यावर ठरते.

परीक्षण वाचनालयात पोहोचते ते कायद्याच्या आधाराने. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आणि मान्यता व अनुदानाचे नियम १९७० सालचे. या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या पाहतात, तसेच किती दैनिके आणि किती नियतकालिके येतात हेही पाहतात. त्यामुळे गावातल्या छोट्या वाचनालयातही वृत्तपत्रे टेबलावर पडतात, आणि ती वाचायला सभासद असावे लागत नाही. वर्गणी भरणारे शंभर असले तरी पेपर वाचून जाणारे त्याहून कितीतरी जास्त असतात. पुस्तकाविषयीचा मजकूर पुस्तकाच्या आधी गावात येतो, तो असा. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे परीक्षणे होती की नव्हती, कोण जाणे. पण वाचनकक्षातला तो पेपर हाच ग्रंथनिवडीचा पहिला टप्पा आहे, असे मला ठामपणे वाटते.

पुस्तके वाचनालयात येतात कोणकोणत्या वाटांनी, ते आधी पाहू. कारण परीक्षणाचा जोर सगळ्या वाटांवर सारखा चालत नाही. एक वाट शासनमान्य यादीची. प्रकाशक आपली नवी पुस्तके ग्रंथालय संचालनालयाकडे पाठवतात, ग्रंथनिवड समिती ती पाहते आणि निवडलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध होते. अनुदानातल्या ग्रंथखरेदीचा काही भाग या यादीतून व्हावा, अशी अपेक्षा असते. यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत एवढे सापडते. पुस्तक कशाविषयी आहे आणि ते कुणाला रुचेल, हे त्या ओळीवरून कळत नाही. दुसरी वाट राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची. कोलकात्याची ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. तिच्या आणि राज्याच्या समान वाट्याने घेतलेल्या पुस्तकांची निवड राज्य पातळीवरच होते आणि गावाला संच मिळतो. देणगीची पुस्तके येतात ती तर देणाऱ्याच्या मर्जीची. उरते ती ग्रंथालयाची स्वतःची खरेदी. गावाला खरी निवड करता येते ती इथेच, आणि परीक्षणाचा उपयोग होतो तोही मुख्यतः इथेच.

ही जागा फार मोठी नाही. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ च्या दरांप्रमाणे वर्षाला ३० हजार रुपये अनुदान मिळायचे. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्यातले निम्मे पगाराला धरायचे. राहिलेल्यातून वृत्तपत्रांचे बिल, वीज, झाडलोट, बांधणी आणि मग पुस्तके. आज चारशे पानांची कादंबरी चारशे-पाचशे रुपयांच्या आत मिळत नाही. म्हणजे समितीने उचललेले प्रत्येक पुस्तक दुसऱ्या एका पुस्तकाची जागा घेते. अशा वेळी "हे घ्या" असे सांगणाऱ्या माणसाचे वजन खूप वाढते. तो माणूस कोण असावा, हाच ग्रंथनिवडीतला खरा प्रश्न आहे.

व्यवस्थित चालणाऱ्या वाचनालयात परीक्षणापासून खरेदीपर्यंतची वाट अशी जाते. वाचक मागणी वहीत पुस्तकाचे नाव लिहितो. ग्रंथपाल त्यापुढे परीक्षण कुठे आले, कोणत्या तारखेला आले हे टिपतो आणि कात्रण काढून ठेवतो. मागणीच्या पुस्तकाची प्रत आधीच आहे का, हे दाखल नोंदवहीत तपासतो. कार्यकारिणीची ग्रंथनिवड उपसमिती बसते तेव्हा वही आणि कात्रणे समोर असतात. निवड झाली की मागणीपत्र नागपूरच्या किंवा पुण्याच्या विक्रेत्याकडे जाते. सूट किती, टपालखर्च कुणाचा, हे ठरते. पुस्तके आली की बिलाशी ताडून दाखल क्रमांक पडतो, वर्गीकरण होते, शिक्के बसतात आणि पुस्तक देवघेवीला निघते. यात चार-सहा महिने सहज जातात. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते आणि दुसरा हप्ता पुष्कळदा वर्ष सरता सरता हाती पडतो, त्यामुळे कधी जास्तही लागतात.

या चार-सहा महिन्यांत मागणी टिकून राहायची तर कागदावर काहीतरी हवे, म्हणून कात्रणाला मी इतके महत्त्व देतो. मार्च उजाडला, पैसे आले आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा आहे, अशी वेळ पुष्कळ ग्रंथालयांवर येते. त्या घाईत दारात गाडी घेऊन आलेला विक्रेता भरघोस सूट देतो आणि गठ्ठेच्या गठ्ठे उतरवून जातो. अशा गठ्ठ्यांत चांगली पुस्तके नसतात असे नाही. पण ती कुणी मागितलेली नसतात. ज्या ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात वर्षभराची कात्रणे आणि भरलेली मागणी वही आहे, तो त्या दिवशी विक्रेत्याला आपली यादी देऊ शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याला विक्रेत्याची यादी घ्यावी लागते. चांगल्या आणि कामचलाऊ संग्रहातला फरक मला तरी इथेच दिसतो.

परीक्षण म्हणून जे छापले जाते ते सगळे एका जातीचे नसते, आणि निवड करणाऱ्याला हा भेद कळायला हवा. 'साभार पोच' सदरात फक्त पुस्तक मिळाल्याची नोंद असते. त्यावरून नवीन काय आले एवढे कळते, आणि तेही कामाचे असते. पुस्तक-परिचय विषय सांगतो. परीक्षण पुस्तकाचे गुणदोष सांगते. समीक्षा पुस्तकाला त्या लेखकाच्या आणि त्या प्रकाराच्या परंपरेत ठेवून पाहते, आणि ती बहुधा पुस्तक बाजारात येऊन वर्ष-दोन वर्षे झाल्यावर येते. मजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' मासिक सुरू केले तेव्हापासून नव्या पुस्तकांच्या बातम्या आणि परिचय महाराष्ट्रभरच्या ग्रंथपालांना एका जागी मिळू लागले. त्याच्या थोडे आधी, १९६२ मध्ये, वसंत दावतर यांनी 'आलोचना' हे मासिक काढले. त्यात परीक्षणांखाली लिहिणाऱ्याचे नाव छापत नसत. ते बरेच होते, कारण मराठीचे जग लहान. लेखक, परीक्षक आणि प्रकाशक एकमेकांना ओळखतात, एका मांडवात बसतात. ओळखीपोटी लिहिलेल्या गोड परिचयाने पाचशे रुपये खर्ची पडतात ते गावाचे. म्हणून परीक्षण वाचताना स्तुतीचे शब्द बाजूला ठेवून माहिती वेचावी: विषय काय, कुणासाठी लिहिले आहे, भाषा सोपी की जड, स्वतंत्र की अनुवाद, अनुवाद असल्यास तो वाचवतो का, पाने किती, किंमत किती. नावे ठेवणाऱ्या परीक्षणातूनही ही माहिती मिळते.

नावे ठेवली तर पुस्तक मागे पडते का? जूडिथ सेरेब्निक या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वादग्रस्त ठरू शकतील अशा पुस्तकांची परीक्षणे आणि सार्वजनिक ग्रंथालयांतली त्यांची उपलब्धता यांचा संबंध तपासून १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षण अनुकूल की प्रतिकूल, यापेक्षा किती ठिकाणी परीक्षणे आली याचा संबंध खरेदीशी अधिक दिसला. आपल्याकडच्या अनुभवाशीही हे जुळते. टीका झालेल्या पुस्तकाला वाचनालयात मागणी येते. ज्याच्याविषयी कुठेच एक ओळ आली नाही त्याला ती येत नाही.

परीक्षणे वेळेवर मिळण्याची अमेरिकेतल्या ग्रंथपालांची सोय फार आधीपासून झालेली आहे. तिथल्या ग्रंथालय संघटनेचे 'बुकलिस्ट' १९०५ पासून खास ग्रंथालयांसाठी छोटी परीक्षणे देते. व्हर्जिनिया कर्कस यांनी १९३३ मध्ये पुस्तके बाजारात येण्याआधीच मुद्रितांवरून अभिप्राय पाठवण्याची सेवा सुरू केली. पुस्तक दुकानात येते त्या आठवड्यात ग्रंथालयाने ते मागवलेले असते. मराठीत परीक्षण पुस्तकामागून येते, आणि महानगराबाहेरच्या पुस्तकामागून तर फारच उशिरा.

वऱ्हाडाचा प्रश्न इथे सुरू होतो. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये झाली ती अमरावतीत. संघाचे 'युगवाणी' हे मुखपत्र विदर्भातल्या पुस्तकांची दखल घेत आले. तरी मोठ्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांची संपादने मुंबई-पुण्यात होतात, आणि अकोल्यात किंवा अमरावतीत छापलेल्या पुस्तकाची प्रत तिथे पोहोचून त्यावर कुणी लिहीपर्यंत बराच काळ जातो. बुलढाण्याकडच्या सदानंद देशमुख यांची 'बारोमास' कादंबरी कोरडवाहू शेतीतल्या घराची. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुरस्कार मिळाला की पुस्तकाची मागणी सगळीकडून येतेच. पण ज्या शिवारातली ही गोष्ट, तिथल्या वाचनालयांनी अकादमीची वाट का पाहावी? पुस्तक निघताच त्यावर इथल्या पेपरात, इथल्या माणसाने, इथल्या वाचकासाठी लिहिलेले चारशे शब्द यायला हवेत. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची. तिच्यातली वऱ्हाडी बोली अमरावतीच्या वाचकाला समजावून द्यावी लागत नाही. अशा जुन्या पुस्तकाची प्रत झिजली, पाने सुटली, तर ती बाद करून नवी घ्यायची की कपाटातली जागा रिकामी सोडायची, हा निर्णयही त्या पुस्तकाविषयी अलीकडे काही बोलले गेले का यावरच पुष्कळदा ठरतो. परीक्षण नव्या पुस्तकाचेच असावे असा नियम नाही. जुन्यावर फिरून लिहिणाऱ्याने एक प्रत वाचवलेली असते.

काही विषयांत मात्र परीक्षणावर विसंबून चालत नाही. संत्र्याच्या बागेवर, कपाशीच्या बोंडअळीवर, सोयाबीनच्या बियाण्यावर निघालेल्या पुस्तकांची परीक्षणे पुरवण्यांत येत नाहीत. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांची तर नाहीतच. मागणी मात्र वरुड-मोर्शीपासून बाळापूर-पातूरपर्यंत यांनाच जास्त. इथे ग्रंथपालाने दुसरीकडे विचारावे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. त्याची प्रकाशने माहीत असलेला माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो. शेतीचे पुस्तक वाचून एखाद्या बागाईतदाराने "यातली फवारणीची मात्रा आता चालत नाही" असे सांगितले, तर ते परीक्षणच आहे आणि ते मागणी वहीतच लिहून ठेवावे. जुने झालेले औषधांचे किंवा कायद्याचे पुस्तक कपाटात राहणे धोक्याचे असते. ते काढायलाही जाणत्याचा शब्द लागतो.

आणखी एक हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, आता पुष्कळदा त्याहून कमी. राज्यात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजार. त्यांतल्या दहांतल्या एकाने जरी परीक्षण वाचून एक प्रत घेतली तरी पहिली आवृत्ती संपते आणि प्रकाशक त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक छापायला तयार होतो. हेच पैसे यादीशिवाय, मागणीशिवाय उतरवलेल्या गठ्ठ्यांत गेले, तर प्रकाशक पुढल्या वर्षीही गठ्ठ्यांत खपतील अशीच पुस्तके काढतो. दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या समितीने एका संध्याकाळी घेतलेला निर्णय असा पुण्याच्या छापखान्यापर्यंत जातो.

पुस्तक आल्यावर कात्रणाचे काम संपत नाही. काही ग्रंथपाल नव्या पुस्तकांच्या फळ्यावर वेष्टनाशेजारी ते कात्रण लावतात. पेपर चुकलेल्याला तिथे कळते की हे काय आहे. ज्याने मागणी केली त्याला फोन करून पहिली पाळी त्याला देतात, आणि पुढच्या वेळी तोच माणूस वहीत आणखी दोन नावे लिहितो. वर्षाच्या शेवटी देवघेव नोंदीवरून पाहता येते की कात्रणावरून घेतलेली पुस्तके किती वेळा घरी गेली आणि गठ्ठ्यातली किती. हे दोन आकडे उपसमितीच्या पुढच्या बैठकीत मागणी वहीसोबत ठेवले, की कोणाच्या परीक्षणावर भरवसा ठेवायचा आणि कोणत्या विक्रेत्याला नाही म्हणायचे, यावर बोलता येते.